चटणीशेजारची उदबत्ती

मैसुरात जानेवारी आला हे मला कॅलेंडर बघून कळत नाही, नाकाला कळतं. मंडईत अवरेकाईचे ढीग लागतात. ही आपल्या पावट्याची इथली बहीण. तिच्या शेंगा निवडल्या की बोटांना तेलकट, हिरवट वास येतो आणि तो साबणाने दोनदा हात धुतले तरी जात नाही. दुकानांपुढे उसाच्या मोळ्या उभ्या राहतात, साखरेचे पोपट आणि तुळशीवृंदावनं टोपल्यांतून दिसायला लागतात. आणि मग एका सकाळी ब्याडगीची नवी पोती उतरतात. सुरकुतलेली, गडद लाल, तिखटापेक्षा रंगाचाच तोरा जास्त असलेली ती मिरची. पोत्याचं तोंड उघडलं की माझ्या अंगात काहीतरी कामाला लागतं. पदर खोचला जातो, आवाज चढतो, घरातली माणसं जपून वागायला लागतात.

काल अशीच पोत्यात हात घालून उभी होते आणि शैलजा मॅडमचा फोन आला. मॅडम दर संक्रांतीला गावातल्या छोट्या उद्योगांचं तीन दिवसांचं प्रदर्शन भरवतात. सगळे त्याला एक्स्पो म्हणतात. मॅडम कन्नडमध्ये फार गोड बोलतात, पण वेळ वाया घालवत नाहीत. म्हणाल्या, यंदा तुमच्या शेजारचा स्टॉल एका नव्या मुलीला दिलाय, ती घरी साबण करते. तिनं जागा बदलून मागितलीय. चटणीचा वास साबणाला लागेल म्हणते. काय करू?

उद्या सांगते म्हटलं आणि फोन ठेवला. मग मिरचीवाल्यासमोर एकटीच हसत उभी राहिले. त्याला वाटलं असेल, यंदाची मिरची डोक्यात गेली. पण काही वर्षांपूर्वी त्याच मॅडमपुढे तीच तक्रार घेऊन मी उभी होते, आणि तेव्हा माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या त्या उदबत्तीच्या धुराने.

मी कोल्हापूरकडची. नवऱ्याच्या कंपनीने आम्हाला मैसुरात आणलं आणि आम्ही अग्रहार या जुन्या ब्राह्मणवस्तीत भाड्याचं घर घेतलं. आधी मी शाळेत शिकवत होते. चटणी करायला लागले ती केवळ चिडून. गावाकडून येणारा चटणीचा डबा एकदा कुरियरमध्ये फुटला, आणि नवरा त्या रिकाम्या डब्याकडे असा बघत बसला की मीच म्हटलं, थांब, इथेच करते. कांदा-लसूण चटणी म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही त्याला सांगून उपयोग नाही, आणि ज्याला माहीत आहे त्याला सांगायची गरज नाही. पुण्याची, नाशिकची, सांगलीची, नोकरीपायी इथे आलेली माणसं एकेकाच्या ओळखीने दारात यायला लागली. शाळा सुटली आणि मागच्या खोलीत मिरच्यांची पोती आली.

पण चटणीला डंक लागतो. वर-खाली होणारी जड मुसळं, खाली उखळ, आणि त्यात मिरची, धणे, तीळ, खोबरं कुटून कुटून शेवटी आपल्याच तेलाने चमकायला लागतं. मिक्सरमध्ये ती जळते. पिठाच्या गिरणीत ती भुकटी होते. अग्रहारात नंजप्पांच्या गिरणीत मागच्या बाजूला एक जुना छोटा डंक होता, सांबारपुडीसाठी ठेवलेला. त्याच्यावर माझा सगळा संसार, म्हणजे उद्योगाचा, चालला होता.

नंजप्पा फार सज्जन माणूस. म्हणून तर त्या डिसेंबरात त्यांनी मला आधी कॉफी पाजली. मग सांगितलं की अम्मा, आता संक्रांतीनंतर आणू नका. अग्रहारातली निम्मी घरं कांदा-लसूण खात नाहीत. माझी चटणी झाली की पुढे महिनाभर त्यांच्या सांबारपुडीला लसणाचा वास येतो. कुणाच्या तरी श्राद्धाच्या स्वयंपाकात तो वास गेला होता आणि त्यावरून गिरणीत येऊन बोलणं झालं होतं. मी काय वाद घालणार? त्यांच्या जागी मी असते तर कॉफीसुद्धा पाजली नसती.

त्यानंतर मी मैसूर पालथं घातलं. जिथे मशीन होतं तिथे लसूण चालत नव्हता, जिथे लसूण चालत होता तिथे नुसतं दळायचं मशीन होतं. एकाने हो म्हटलं आणि माझी मिरची दुसऱ्या कुणाच्या मिरचीत मिसळून दिली. नवरा समजूतदारपणे म्हणाला, शाळेत अजून तुझी आठवण काढतात. समजूतदार माणसाचा राग येतो तेव्हा तो धड काढताही येत नाही. मी म्हटलं, काढू देत आठवण. संक्रांतीपर्यंत डंक मिळाला नाही तर चटणी बंद हे मला कळत होतं. पण ती आपोआप बंद पडेल तेव्हा पडेल, मी होऊन हात वर करणार नाही एवढं मी ठरवलं होतं.

एक्स्पोत स्टॉल घेतला तो याच हट्टापायी. शेवटचा घाणा कुटून घेतला होता, तो तरी गावासमोर मांडू. जोडीला मानसी होती. ती पुण्याची, शेजारच्या गल्लीत राहणारी, तिळाच्या वड्या सुंदर करणारी आणि कुठलीही गोष्ट फोटोत कशी दिसेल याचा आधी विचार करणारी. प्रदर्शनाच्या आधी मॅडमनी सगळ्या स्टॉलवाल्यांना बोलावून तासभर समजावलं होतं. त्यातलं एक वाक्य मला तेव्हा फार पुस्तकी वाटलं. त्या म्हणाल्या, "विकायला काय आहे ते बोर्डावर लिहा. काय कमी आहे ते शेजारच्या स्टॉलला सांगा." मग त्यांनी एकेकाला विचारलं, तुम्हाला काय कमी आहे? सगळ्यांनी एकच सांगितलं, गिऱ्हाईक. मीसुद्धा तेच सांगितलं. डंकाचं दुखणं चारचौघांत उघडं करायला मी काही तयार नव्हते.

पहिला दिवस भोगीचा होता. घरून बाजरीची भाकरी, लोणी आणि मिसळीची भाजी बांधून आणली होती, कारण न खाई भोगी तो सदा रोगी. मोठ्या मैदानावर पत्र्याचे मांडव, सतरंज्या, भोंग्यावर कन्नड गाणी. एका बाजूला जवळच्या वरुणा गावाकडच्या बायका गुळाच्या ढेपा घेऊन बसलेल्या, पुढे लाकडी खेळणी, रेशमाचे तुकडे जोडून केलेल्या पिशव्या, रागीची बिस्किटं. आम्ही बरण्या मांडल्या, एक बरणी वासासाठी उघडी ठेवली. वासासारखी जाहिरात नाही. आणि तेवढ्यात शेजारच्या स्टॉलवर एका बाईंनी मूठभर उदबत्त्या एकदम पेटवल्या.

साठीच्या असतील. ठसठशीत कुंकू, अंबाड्यावर मल्लिगेचा गजरा, नाकात चमकी, आणि चेहऱ्यावर आपण इथे आजन्म बसलो आहोत असा भाव. धूर सरळ आमच्याकडे येत होता. माझ्याकडे आलेली माणसं बरणीवर वाकून वास घ्यायची आणि म्हणायची, छान, देवळासारखा वाटतो. तिच्याकडे आलेली माणसं उदबत्ती नाकाशी नेता नेता शिंकायची आणि आमच्याकडे रागाने बघायची. दोघींचाही धंदा बुडत होता आणि दोघींनाही कारण समोर दिसत होतं. मी मॅडमकडे गेले, तर तिथे ती बाई माझ्या आधीच पोचलेली. मॅडम म्हणाल्या, जागा बदलणार नाही. तुम्हाला एकमेकींशेजारी मी मुद्दाम बसवलंय असं नाही, पण आता बसलाच आहात तर बघा.

परत येऊन मी मानसीला मनमोकळं मराठीत सांगितलं की ही बाई उदबत्ती विकायला आली आहे की आपल्याला धुरी देऊन हाकलायला, तेच कळत नाही. शेजारून शांतपणे उत्तर आलं, "धुरी भूत हाये त्याला देतेत. तुमी भूत हाय की नाय ते आता मला काय गोत्त?" आणि ती बाई पुन्हा आपल्या पुड्या लावायला लागली. गोत्त म्हणजे ठाऊक, एवढं कन्नड तोवर मला येत होतं. मानसी सतरंजीखाली जायच्या बेतात होती. मला भोगीच्या थंडीत घाम फुटला.

त्या राधाबाई. आडनाव जाधव, राहणार लष्कर मोहल्ला. त्यांचे पूर्वज कधीकाळी मैसूरच्या फौजेत शिपाई म्हणून आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि उंबऱ्यावर दोन्ही. आम्ही दहा-पंधरा वर्षांपूर्वी आलेले, आणि आपण इथे पहिलेच मराठी असल्यासारखे वागत होतो. त्या दिवशी मी त्यांची माफी मागितली नाही. बरणीला झाकण मात्र लावलं. थोड्या वेळाने त्यांनीही पेटत्या उदबत्त्या कमी केल्या. तह झाला नव्हता, फक्त दोन्हीकडच्या तोफा गार झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी संक्रांत. मानसीने ठरवलं होतं की दोघींनी काळ्या साड्या नेसायच्या. तिची काळ्यावर चांदण्यांची, माझी लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीची, सासूबाईंनी घेतलेली. शिवाय तिने हलव्याचे दागिने आणले होते. आम्ही गळ्यात हलव्याचा हार घालून, नटूनथटून, तिळगुळाची ताटं पुढे घेऊन बसलो. फोटो उत्तम आला असता.

गिऱ्हाईक येईना. गर्दी तर कालच्या दुप्पट होती, पण आमच्या स्टॉलपाशी आली की ती जरा वळून पलीकडून जायची. लहान मुलं हात पुढे करायची आणि आया त्यांना ओढून न्यायच्या. एक वयस्क गृहस्थ थांबले, त्यांनी आम्हाला नीट न्याहाळलं आणि फार आदराने विचारलं की तुमची मागणी काय आहे. मला कळेना. मी म्हटलं, कसली मागणी, तिळगूळ घ्या. ते म्हणाले, नाही, निषेध कशाचा चालू आहे? मानसीच्या चेहऱ्यावरचं हसू हलव्यासारखं कडक झालं. इतकी वर्षं आम्ही दर संक्रांतीला काळं नेसत होतो, पण ते आमच्या आमच्यात, महाराष्ट्रातल्या माणसांच्या हळदीकुंकवात. गावासमोर नेसून बसलो तो हा पहिला दिवस, आणि इथे सणाला काळं नेसत नाहीत एवढंसुद्धा आम्ही कुणाला विचारलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

दुपार झाली तरी बरण्या जशा मांडल्या तशाच. मानसी म्हणाली घरी जाऊन बदलून येऊ. मी नाही म्हटलं. खरं सांगायचं तर मला रडू येत होतं. हा शेवटचा घाणा, तोही असा परत न्यायचा. पण ती साडी सासूबाईंनी हौसेने घेतलेली होती, ती लाजून सोडायची माझी तयारी नव्हती. जे होईल ते त्याच साडीत होऊ दे म्हटलं.

राधाबाई सकाळपासून आमच्याकडे बघत होत्या. शेवटी त्यांना राहवलं नाही. उठून आल्या आणि हळू आवाजात विचारलं, "घरात काय झालं गा? हब्बाच्या दिवशी काळं नेसून बसलाय दोघी."

हब्ब म्हणजे सण. मी सांगितलं की काही झालं नाही, आमच्याकडे संक्रांतीला काळंच नेसतात. थंडीत काळं ऊब धरतं. नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीला काळी साडी घेतात, तिला चंद्रकळा म्हणतात, आणि हलव्याचे दागिने घालून तिचं कौतुक करतात. मी हे तावातावाने सांगत होते, भांडणाच्याच सुरात. राधाबाई ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा बदलत गेला. त्या माझ्या खुर्चीवर बसल्या आणि माझा पदर हातात घेऊन त्याच्यावरचे बुट्टे बघायला लागल्या.

"आमच्या अत्तेच्या पेट्टगेत असंच एक लुगडं हाय," त्या म्हणाल्या. अत्ते म्हणजे सासू, पेट्टगे म्हणजे पेटी. "काळं, अन् त्याच्यावर अशेच बुट्टे. जाताना मला बोलली, हे कुणाला देऊ नको. का म्हणून सांगितलं नाय. तिला बी तिच्या अत्तेनं दिलेलं. आमी समजलो अपशकुनाचं आसंल. नेसलं बी नाय, टाकलं बी नाय."

मी म्हटलं, "राधाबाई, ते आजचं लुगडं आहे."

त्यांनी पदर माझ्या मांडीवर नीट ठेवला आणि उठल्या. मला वाटलं गेल्या. पण त्या दोन स्टॉलांच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना खणखणीत कन्नडमध्ये सांगायला लागल्या. हा यांचा सणाचा पोशाख आहे, थंडीचा आहे, आणि यांचाच नाही, आमचाही आहे, आमच्या घरातही आहे. त्यांना तिथे सगळा गाव ओळखत होता. अर्ध्या मैदानाच्या देवघरात त्यांचीच उदबत्ती जळत होती. त्यांनी सांगितल्यावर शंका घ्यायची कुणाची हिंमत नव्हती. बायका आल्या. आधी साडीला हात लावून बघायला, मग हलव्याचा हार बघायला, मग तिळाची वडी चाखायला. वडीनंतर तोंड गोड झालं म्हणून चटणी चाखली आणि डोळ्यांत पाणी आलं तरी पुन्हा चाखली. मघाचे गृहस्थही आले. त्यांनी एक बरणी घेतली आणि आमची मागणी मान्य झाल्याचं जाहीर केलं.

संध्याकाळी गर्दी ओसरली आणि इथला खरा सण सुरू झाला. मैसुरात संक्रांतीला एळ्ळू-बेल्ल वाटतात. तीळ, गुळाचे तुकडे, खोबरं, शेंगदाणे, डाळं, सोबत उसाचा करवा आणि साखरेची चित्रं. ताट घेऊन घरोघर जायचं असतं. त्या दिवशी घर सोडून सगळ्या मैदानावर होत्या, म्हणून ताटं स्टॉलास्टॉलावरून फिरायला लागली. तुम्ही कोण, काय करता, कुठून आलात हे सगळं तीळ-खोबरं हातावर घेता घेता. बाटल्या कुठे मिळतात, लेबलं कोण छापतं, सरकारी परवान्याला कोणत्या खिडकीवर उभं राहायचं, कोण उधार बुडवतं. वर्षभर एकेकटीने भिंतीला डोकं आपटून जे कळलं नसतं ते त्या तासाभरात ताटावरून ताटावर गेलं. मॅडमचं वाक्य मला तेव्हा समजलं, आणि त्यांना ते भोंग्यावरून सांगावं लागतं याचं वाईटही वाटलं.

राधाबाईंनी माझ्या हातावर तीळ ठेवले. मी तिळगूळ दिला आणि गोड बोला म्हटलं, म्हणजे कालचं विसरा. त्या हसल्या, पहिल्यांदाच. मग बरणीकडे हनुवटी करून म्हणाल्या, "हे कुठं कुटता?"

कुटता म्हणाल्या, दळता नाही. आणि मी, जी मॅडमपुढे गिऱ्हाईक म्हणून मोकळी झाले होते, ती खरं बोलले. म्हटलं, "आता कुठेच नाही. हा शेवटचा घाणा." नंजप्पांचं सगळं सांगितलं. सांगताना आवाज हलला, आणि हलला तर हलला.

राधाबाई म्हणाल्या, "आमचं मशीन सुम्ने पडलंय." सुम्ने म्हणजे नुसतंच, उगाच. "यजमान रोज त्याच्याजवळ जाऊन बसतेत. मोडीत घाला म्हणून सगळी बोलतेत. उद्या या बघायला."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी मैसूर पालथं घातलं होतं आणि डंक अग्रहारापासून चालत जाण्याच्या अंतरावर, लष्कर मोहल्ल्यात उभा होता.

तिसऱ्या दिवशी राधाबाई स्टॉलवर आल्या त्या ते काळं लुगडं नेसून. घडीवर विरलेलं, काठाची जर काळवंडलेली, कापराचा वास येणारं. तो किंक्रांतीचा दिवस होता, त्यांची संक्रांत एका दिवसाने उशिरा आली होती आणि कितीतरी पिढ्यांनी. मानसीने आपला हलव्याचा हार काढून त्यांच्या गळ्यात घातला. त्यांनी तो घालू दिला. कुणी काही विचारलं तर आमचा सणाचा पोशाख आहे म्हणून सांगायच्या. मला फार आनंद झाला, एवढंच लिहिते, कारण त्याच्यापुढे लिहायला गेले तर बिघडेल.

किंक्रांतीला नवं काम काढू नये म्हणतात. हे राधाबाईंना माहीत नव्हतं आणि मी सांगितलं नाही. स्टॉल मानसीवर सोपवून दुपारी मी त्यांच्यामागून लष्कर मोहल्ल्यात गेले. तांब्यापितळेची दुकानं, सायकलींचे सुटे भाग, लेथचा आवाज, आणि गल्लीच्या टोकाला त्यांचा कारखाना. पूर्वी तिथे उदबत्तीचा मसाला कुटायचे. झाडांच्या साली, वाळा, चंदनाचा भुसा, ऊद. मग बाजारात तयार काड्या स्वस्त मिळायला लागल्या, कुटणं थांबलं, राहिलं ते सुगंध लावून पुड्या बांधणं. राधाबाईंचे यजमान कृष्णाजीराव मशीनशेजारी स्टुलावर बसले होते. फडक्याने पुसत होते. चालवणार आहोत असं कळल्यावर ते उठून उभे राहिले आणि त्यांनी पट्टा चढवायला घेतला.

त्यांनी मुसळांच्या लोखंडी टोप्या काढून नव्या बसवून घेतल्या. उखळ उकळत्या पाण्याने धुतलं. आणि मी पहिला घाणा टाकला. मुसळं वर गेली, खाली आली, धप धप सुरू झालं, मिरचीचा ठसका उठला आणि गल्लीतली माणसं शिंकत बाहेर आली. मला इतकी वर्षं मैसूर माझं वाटलं नव्हतं तेवढं त्या आवाजात वाटलं. ती चटणी घरी नेऊन भाकरीबरोबर नवऱ्याला वाढली. त्याने घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, चव अगदी कोल्हापूरची आहे, फक्त मध्येच आरती सुरू होते.

सगळा घाणा वाया गेला. त्या लाकडात आणि दगडात वर्षानुवर्षं मुरलेला ऊद माझ्या लसणाला पुरून उरला होता. मानसी म्हणाली, किंक्रांत बाधली. नवरा पुन्हा समजूतदार होण्याच्या बेतात होता, त्याला मी तेवढा वेळ दिला नाही. दुसऱ्या सकाळी खडे मीठ घेऊन गेले. मीठ कुटलं आणि टाकलं. जुने तांदूळ कुटले आणि टाकले. पुन्हा मीठ, पुन्हा तांदूळ. कृष्णाजीराव प्रत्येक वेळी उखळात वाकून वास घ्यायचे आणि मान हलवायचे. "अजून ऊद हाय," म्हणायचे, जरा अभिमानानेच. दुसऱ्या घाण्यालाही थोडा वास राहिला, तो आम्ही घरी खाऊन संपवला. मग एके दिवशी त्यांनी वास घेतला आणि म्हणाले, गेला. त्यांच्या आवाजात थोडं दुःख होतं आणि ते मला समजलं. त्यांचा वास जाऊन माझा आला होता. मी त्यांना पहिली बरणी दिली. भाड्याचं बोलणं दोन वाक्यांत उरकलं.

शिवरात्र आली, थंडी शिव शिव म्हणत निघून गेली असं इथे म्हणतात, पण आमचा डंक थांबला नाही. पुढच्या एक्स्पोत वरुणेच्या गूळवाल्या बायकांनी विचारलं, आमची हळद कुटाल का? मग कुणाची शिकेकाई आली. आता वार ठरलेत. चटणीचा वार सगळ्यांच्या शेवटी असतो आणि त्यानंतर मीठ-तांदूळ कुटायचा दिवस असतो, तो कुणी चुकवत नाही. नंजप्पासुद्धा लसूण घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला माझा पत्ता देतात आणि अजून कॉफी पाजतात. माझी मिरचीची पोती लष्कर मोहल्ल्यातच उतरतात. घरातली मागची खोली रिकामी झाली, खिडक्या उघड्या राहिल्या.

माणसाला वाटतं, आपण प्रदर्शनात माल मांडायला जातो. तो माल काय, घरबसल्याही कुणीतरी नेतोच. पण आपलं अडलंय कुठे, हे सांगायला एक शेजार लागतो, आणि तो आपल्या आवडीचा मिळेलच असं नाही. मला जागा बदलून मिळाली असती तर रागीच्या बिस्किटांशेजारी बसून मी चार बरण्या जास्त विकल्या असत्या आणि फेब्रुवारीत शाळेत जाऊन हजेरी घेत बसले असते. मॅडमनी ऐकलं नाही हे त्यांचे माझ्यावर उपकार आहेत.

आज सकाळी राधाबाईंचा फोन आला, लुगड्याचा काठ शिवून झाला, यंदा तुमच्याकडे हलव्याचा हार किती मोठा करणार. त्यांना आता बारकासा चालत नाही. तो फोन ठेवला आणि मी मॅडमना लावला.

म्हटलं, साबणवाल्या मुलीची जागा बदलू नका. मॅडम म्हणाल्या, ती फार हट्टी आहे, ऐकणार नाही. मी म्हटलं, हट्टी असेल तर फारच चांगलं. तिला काय कमी आहे ते विचारलंत का? मॅडम म्हणाल्या, विचारलं होतं, गिऱ्हाईक म्हणाली. ते सगळेच म्हणतात हो, मी म्हटलं, पुन्हा विचारा. मॅडमनी फोन चालू ठेवून तिला दुसऱ्या फोनवर गाठलं. बराच वेळ पलीकडून अर्धवट कन्नड ऐकू येत होतं. मग मॅडम परत आल्या आणि त्यांनी तिचं म्हणणं सांगितलं. साबण वड्या पाडल्यावर आठवडेच्या आठवडे सावलीत, वाऱ्यावर सुकवावे लागतात. घरमालकाने जिना आणि गच्ची दोन्ही बंद केलीत. उगादीनंतर, म्हणजे आपल्या पाडव्यानंतर, हे सगळं सोडून देईन म्हणते.

मी उठून मागच्या खोलीत गेले. पूर्वेच्या खिडकीतून वारा येत होता. भिंतीला नाक लावून बघितलं. इतकी वर्षं झाली तरी मिरची अजून तिथेच होती, अगदी थोडी, पण होती.

"खोली आहे म्हणावं," मी सांगितलं. "पहिल्या साबणांना चटणीचा वास येईल. येऊ दे. पहिला घाणा वायाच जातो, दुसरा लावू."